पेटीतली पाचवी जागा

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य भुताच्या प्रत्येक गोष्टीत असतं, मला माहीत आहे. म्हणून मी शपथ घेत नाही. शपथा मी आयुष्यभर पुढाऱ्यांच्या ऐकल्या, आणि त्यांच्यानंतर जे घडलं ते कुठल्या भुताला जमलं नसतं. मी एवढंच सांगतो की मी तिथे होतो. माझ्या सदऱ्यावर उडालेला डाग धुऊन धुऊन गेला नाही. शेवटी सदरा जाळला.

साल अठ्ठ्याऐंशी. जानेवारी महिना. ठिकाण मलकापूर, स्टेशनाच्या पलीकडचं एक जिनिंग-प्रेसिंग.

आणि वेळ...

भर दुपारची.

भुतांनी रात्रीच यावं हा नियम कोणी केला कोण जाणे. ज्यांना दिवसा कामं असतात त्यांनीच केला असेल. पण हे भूत कामगार होतं. दिवसपाळीचं.

माझी थोरली बहीण सत्यभामाबाई अमडापूरला दिलेली. तिचा मुलगा शालिग्राम अमरावतीला इंजिनियर झाला. त्या काळी आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटर चालवता येणारी माणसं मोजकी होती. बाकीच्यांना तो पुसता येत होता. शालिग्रामला मलकापूरच्या जिनिंगवाल्याने बोलावून घेतलं होतं, आणि त्याच दिवशी त्याच्यासाठी नांदुऱ्याला मुलगी पाहायचं ठरलं होतं. त्याला तिथून उचलून नेणं ही बहिणीने माझ्यावर टाकलेली जबाबदारी.

मी पोचलो तेव्हा तो प्रेसजवळच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला होता. दाढी वाढलेली. केसांत रुई.

"शाल्या, चाल. मुलीवाले वाट पाहून राह्यले."

"मामा, एवढं होऊ द्या."

"काय होऊ देऊ?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पेटीत मानूस हाये म्हनते हा. अन् पेटी रिकामी हाये."

आता ही पेटी काय ते सांगितलं पाहिजे.

जिनिंगमधून निघालेली रुई गाठी बांधण्यासाठी दाबावी लागते. त्यासाठी एक पेटी असते. पेटी म्हणजे जमिनीत उतरलेली लोखंडी विहीरच, दीड माणूस खोल. तिच्यात रुई टाकायची. मग माणसं आत उतरून ती पायांनी तुडवतात. मग माणसं बाहेर येतात, आणि वरून लोखंडाचा दट्टा खाली येतो. एकदा निघाला की तळाला जाईपर्यंत तो थांबत नाही.

माणसं बाहेर येतात... हा मधला भाग महत्त्वाचा.

त्या लोकांची एक रीत होती. बाहेर आलेला प्रत्येक जण जवळच्या खांबावर थाप मारून ओरडायचा. "एक भाईर!" "दोन भाईर!" भाईर म्हणजे बाहेर. सगळे आकडे आले की मुकादम उकंडराव दांडा ओढायचा. उकंडराव म्हणजे सुकलेल्या बाभळीसारखा माणूस. हसताना मी त्याला पाहिलं नाही, आणि त्या दिवसानंतर तर कोणीच पाहिलं नाही.

मालक हिंमतरावांना ही ओरडाओरड मागासलेली वाटायची. त्यांनी कॉम्प्युटर आणला. प्रत्येक तुडवणाऱ्याच्या खांबाला एक खटका बसवला. आत उतरताना खटका वर, बाहेर आल्यावर खाली. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक माणसाची एक जागा. त्या जागेत एक असेल तर माणूस आत. शून्य असेल तर बाहेर. दांडा ओढला की कॉम्प्युटर आधी सगळ्या जागा पाहणार, सगळीकडे शून्य असेल तरच दट्टा सोडणार.

तुडवणारे चार. खटके चार.

आणि त्या दिवशी सकाळपासून पडद्यावर येत होतं...

*पाच : आत.*

"पाचवा कोन हाये बे?" हिंमतराव दारात उभे राहून ओरडले. धिप्पाड गडी. पांढरे कपडे, हातात सोन्याचं कडं. त्यांचा आवाज असा होता की प्रेस चालू असतानाही यार्डातल्या बैलांना ऐकू जायचा. "तिकडे वॅगन उभी हाये मालधक्क्यावर! गाठी कोन भरन, हा डबा?"

"पाह्यतो मालक."

"सकाळपासून पाह्यतोच हायेस. पोराले म्हनलं होतं, ओरडनं बंद करून दे. यानं प्रेसच बंद करून टाकला."

ते गेले. शालिग्रामने उकंडरावकडे पाहिलं. उकंडराव जमिनीकडे पाहत होता.

"उकंडराव, तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटनार बापू." त्याने तंबाखू थुंकली. "पाचवा हायेच."

"कोन पाचवा?"

"निवृत्ती."

मी खुर्ची पुढे ओढली. नांदुऱ्याचे पोहे गार होणार हे मला तेव्हाच कळलं.

"आधी आमी पाच जन होतो," उकंडराव म्हणाला. "मी दांड्यावर, पाच जन पेटीत. त्या दिसीबी वॅगन लागेल होती. मालकाले घाई. एक भाईर झालं. दोन, तीन, चार. अन् मंग... पाच भाईर. आवाज आला म्हनून मी दांडा वडला."

"मग?"

"निवृत्ती आतच होता."

त्याने पेटीकडे बोट केलं.

"रुईतून वर येनं सोपं नसते. पाय टाकला का खाली जाते, टेकू भेटत नाही. त्यानं काठ धरला होता. दट्टा गेला खाली. बोटं राह्यले काठावर. मीच उचलले." त्याने आपली ओंजळ पुढे केली. जणू ती बोटं अजून तिच्यात होती. "गाठ बांधून वर आली तं चारी बाजूनं टपकत होती. रुई लय पेते, बापू. तरी टपकत होती."

"पण निवृत्ती आत होता, तं पाच भाईर कोन म्हनलं?" मी विचारलं.

उकंडरावने दाराकडे पाहिलं. हिंमतराव गेले होते त्या दाराकडे.

"आवाज वळखू आला नाही," तो म्हणाला.

माणूस खोटं बोलताना इतका दमतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर पाचवा गडी कोणी ठेवला नाही. चारच जण तुडवायचे. पण उकंडरावला एक सवय लागली. "चार भाईर" झालं की तो थांबायचा. एक श्वास. कान देऊन. मग दांडा ओढायचा.

शालिग्राम एकदम उठून उभा राहिला आणि कपाळावर हात मारून हसायला लागला.

"मामा! सापडलं. भूत-बित काही नाही. मीच गाढव!"

मला हे बहिणीकडून आधीच कळलं होतं, पण मी त्याला बोलू दिलं.

"मी हे काम पाह्यलं तवा लांबून मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, मग अजून एक थांबा, मग दांडा. मले वाटलं पाच जन हायेत अन् पाचवा मुका असन."

"मुका?"

"हासू नका. मी जागा चारच केल्या, काऊन की खटके चार. पण तपासायचा फेरा पाचचा लिवला, काऊन की थांबे पाच. प्रोग्राम पाचवी जागा वाचून राह्यला. जी नाहीच."

"मग नाही म्हनत काऊन नाही तो?"

त्याने जे सांगितलं ते मी माझ्या अकलेप्रमाणे देतो. प्रोग्राम त्याने सी नावाच्या भाषेत लिहिला होता. एका अक्षराच्या नावाची भाषा. नावातही काटकसर, बोलण्यातही.

"समजा मामा, भितीत चार कोनाडे हायेत. मी म्हनलं पाचव्यात काय हाये? दुसरी एखादी भाषा म्हनन, पाचवा कोनाडाच नाही, मांगं हो. सी असं म्हनत नाही. ते भितीच्या पल्याड हात घालते अन् जे हाताले लागन ते आनून देते."

"दुसऱ्याच्या घरातलं?"

"कोनाच्याबी. इतके दिवस तिथं शून्य होतं म्हनून समजलं नाही. आज एक लागला. पुस्तकात साफ लिवेल हाये मामा, असं केल्यावर काय होईन ते आमी ठरवलं नाही. काहीबी होऊ शकते."

मी सरकारी कागद पुष्कळ वाचले आहेत. इतकं प्रामाणिक वाक्य एकातही सापडलं नव्हतं.

त्याने फेरा चारचा केला. पण तेवढ्यावर थांबला नाही. प्रोग्राममध्ये जिथे जिथे जागा वाचली जात होती, तिथे तिथे त्याने एक चौकी बसवली. जागा वाचण्याआधी नंबर विचारायचा. एक ते चारमधला असेल तर जाऊ द्यायचं. नसेल तर प्रेस तिथल्या तिथे अडवायचा आणि पडद्यावर लिहायचं.

"म्हनजे फाटकावरचा चपराशी," मी म्हटलं.

"हाव. फक्त झोपत नाही."

"आता फेरा दुरुस्त केला, तं चपराशी कायले पायजे?"

"मी एकदा चुकलो मामा. अजून कुठं चुकलो असन तं तो चालू कामात पकडन. इथं चूक झाली तं कागद फाटत नाही, मानूस फाटते."

दारात एक बाई उभी होती. हातात रुईतला पाला निवडायचं सूप.

"बापू, झालं का नीट?"

ती गोजरबाई. निवृत्तीची बायको. नवरा गेल्यावर, पुढे चौघांतला एक गडी सोडून गेला तेव्हा, हिंमतरावांनी तिच्या मुलाला, शेषरावला, बापाच्या जागी म्हणून पेटीत काम दिलं होतं. याला उपकार म्हणतात. शेषराव आता लग्नाचा, मिशीवाला गडी. चौथा खांब त्याचा. तो आत उतरला की गोजरबाई पेटीसमोर येऊन बसायची आणि तो बाहेर येईपर्यंत उठायची नाही.

"झालं मावशी."

"तुह्या डब्यातलं मले समजत नाही. मले एवढंच सांग. माह्या शेष्या त्याच्यातून जिता येईन ना?"

शालिग्रामने तिच्याकडे नीट पाहिलं. "येईन मावशी. मी हाये ना."

काम सुरू झालं.

चौघं आत उतरले. खटके वर. रुई पडू लागली, तुडवू लागले. पांढरा धुरळा उडाला, त्यात माणसं दिसेनात. नुसते धपधप आवाज. मी खोलीच्या काचेतून पाहत होतो. शालिग्रामची नजर पडद्यावर.

"एक भाईर!"

"दोन भाईर!"

हिंमतरावांची मनाई होती, तरी ते ओरडायचेच.

"तीन भाईर!"

पडद्यावर चारही जागांत शून्य झालं. उकंडरावने चौथा खटका खाली पाहिला, सवयीने श्वासभर थांबला आणि दांडा ओढला.

आणि...

काही हललं नाही.

पडद्यावर चौकीचा मजकूर उमटला. *पाचवी जागा मागितली. अडवलं.*

शालिग्रामचा चेहरा रुईसारखा झाला.

"कोनी मागितली?" मी विचारलं.

"कोनीच नाही मामा. पाच हा आकडाच आता कुठं नाही."

बाहेर उकंडराव किंचाळला. "चौथा कुठं हाये बे? चार भाईर कोनी म्हनलं का?"

कोणीच म्हटलं नव्हतं.

आम्ही धावलो. धुरळा खाली बसत होता. पेटीत, रुईत छातीपर्यंत रुतलेला, एका हाताने भिंत खरडणारा... शेषराव.

"पाय धसला," तो म्हणाला. "निंगत नाही."

तिघांनी बगलेत हात घालून त्याला ओढून काढलं. गोजरबाईने त्याचे हात, खांदे, मान चाचपली. मग आपलंच तोंड पदरात कोंबलं.

चौथ्या खांबाचा खटका खाली होता. कोणी दाबला नव्हता. आत तंतू भरून तो सैल झाला होता आणि आपला आपण खाली पडला होता. कॉम्प्युटरला वाटलं, शेषराव बाहेर आहे. चारही शून्य. दट्टा सुटायलाच हवा होता.

चौकीने अडवला. जी जागा नाही तिचं नाव घेऊन.

"बाप आला त्याचा," उकंडराव पुटपुटला. "लेकासाठी आला."

"कोनाचा बाप?" हिंमतराव येऊन पोचले होते.

उकंडरावने चौथ्या खटक्याकडे बोट केलं. त्यांनी खटका पाहिला. अंगठ्याने रुई काढली, वर-खाली करून बघितला. "झालं. खटका खराब होता. तारेनं बांधा अन् चालू करा."

"मालक," शालिग्राम म्हणाला, "चौकी काऊन लागली ते समजू द्या. तोवर मी प्रेस चालू करू देनार नाही."

"कोनती चौकी?"

शालिग्रामने सांगितलं. हिंमतरावांनी ऐकून घेतलं. ऐकून घेताना त्यांच्या मानेची शीर वर येत होती.

"म्हनजे फुकट अडवनारं काहीतरी तू घालून ठेवलं. काढ ते."

"त्यानंच आता शेषरावले वाचवलं."

"काढ म्हनतो ना!"

"नाही काढत."

हिंमतरावांनी मारलं. कड्याच्या हाताने, तोंडावर. शालिग्राम खांबावर आदळून खाली बसला. ओठ फाटून दात दिसत होता. मी मध्ये पडलो, तर माझी गचांडी धरून त्यांनी मला रुईच्या ढिगात फेकलं. आयुष्यात पुष्कळ मोठ्या माणसांनी मला फेकलं, पण इतक्या मऊ जागी कोणी नाही.

"काढतो का नाही?" त्यांनी शालिग्रामचे केस धरून डोकं वर केलं आणि दुसऱ्यांदा मारलं. मग तिसऱ्यांदा. नाकातून रक्ताची धार लागली. माझा सदरा तेव्हा डागाळला, असं मी पुढे घरी सांगितलं. ते खोटं होतं.

"नाही," शालिग्राम म्हणाला. थुंकला. "मी त्या माउलीले शब्द देल्ला."

हिंमतरावांनी गोजरबाईकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. ते हसले.

"भेले सारे. एका मेलेल्या मानसाले भेले. कोन हाये पेटीत? निवृत्ती? मी दाखवतो तुमाले निवृत्ती."

आणि काठावर हात टेकून ते स्वतः पेटीत उतरले.

पेटी अर्धी भरलेली होती. ते मांड्यांपर्यंत गेले. आतून त्यांचा आवाज घुमत वर येत होता.

"ये बे निवृत्ती! भाईर ये! पाहू दे तुले!"

ते रुई उपसून वर फेकत होते. पांढरे पुंजके हवेत.

"हाये का कोनी? हाये का रे?"

चौघंही तुडवणारे बाहेर होते. चारही खटके खाली होते. उकंडराव आपल्या जागी, दांड्याजवळ उभा होता. हात पाठीमागे बांधून. हे मी पाहिलं आहे.

"कोनी नाही!" हिंमतराव आतून ओरडले. "भिकारचोट हो, कोनीच ना..."

आणि त्याच वेळी...

ते आत ओरडत असतानाच...

बाहेर, निवृत्तीच्या, खटका नसलेल्या पाचव्या खांबावर थाप पडली.

"पाच भाईर!"

मोठा आवाज. यार्डातले बैल फिरले इतका मोठा.

तो आवाज हिंमतरावांचा होता.

आत एक हिंमतराव शिव्या देत होते. बाहेर एक हिंमतराव ओरडले होते. दोन्ही आवाज एकाच क्षणी मी या दोन कानांनी ऐकले. खांबाजवळ कोणी नव्हतं.

उकंडरावचा हात पुढे आला. मी त्याचं तोंड पाहत होतो, त्या तोंडाला काहीच ठाऊक नव्हतं. हात एकटाच निघाला होता. इतकी वर्षं तो ज्या आवाजासाठी श्वासभर थांबायचा, तो आवाज आला होता.

त्याने दांडा ओढला.

चौकी लागली नाही.

प्रोग्रामने एक पाहिली, दोन पाहिली, तीन, चार. सगळीकडे शून्य. सगळं नियमात. दट्टा सुटला.

"मालक!"

हिंमतरावांनी वर पाहिलं. मी त्यांचे डोळे पाहिले. त्यांनी काठाकडे उडी घ्यायला पाय उचलला, आणि दुसरा पाय खाली गेला. पुन्हा उचलला. पुन्हा गेला. रुई त्यांना हळूहळू, अगदी मायेने, आत घेत होती.

पुढे धावला तो शेषराव.

बापाच्या जागी काम करणारा, आता आता त्याच पेटीतून निघालेला शेषराव काठावर पालथा पडला आणि त्याने मालकाचा हात धरला. दोन्ही हातांनी.

"वडा! मले मागून वडा!"

गोजरबाईने त्याच्या कमरेला मिठी मारली. मी तिला धरलं. शालिग्राम रक्त गाळत मेन स्विचकडे पळाला आणि त्याने तो खाली खेचला. गिरणी बंद झाली. पट्टे थांबले.

दट्टा थांबला नाही. वजनाने येतच राहिला.

"सोड शेष्या! सोड रे!"

"धरलं हाये त्यानं! सुटत नाही!"

हिंमतराव वर येत नव्हते. शेषराव मात्र आत जात होता. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. आम्ही तिघं ओढत होतो आणि खालून कोणीतरी आमच्यापेक्षा जास्त ओढत होतं. हिंमतराव किंचाळले, "पाय सोड! माह्या पाय सोड!"

ते आम्हाला म्हणत नव्हते.

मग दट्टा पेटीच्या तोंडाशी आला, आणि आम्ही शेवटचा हिसका देऊन शेषरावचे हात काठाबाहेर काढले.

आवाज झाला. ओला, मोठा. ऊस चरकात जातो तसा, पण उसाला हाडं नसतात. फटीतून एक गरम फवारा वर उडाला. माझ्या छातीवर, तोंडात. आणि एकदम सगळा जोर संपून आम्ही मागे, एकमेकांवर कोसळलो.

शेषराव सगळ्यांत वर होता. दोन्ही हात शाबूत. जिवंत.

त्याच्या मुठीत मालकाचा हात होता. कड्यासकट. तेवढाच.

खाली दट्टा तळापर्यंत गेला. किंचाळी दबत दबत बारीक झाली. मग रुईतून फक्त बुडबुडे फुटावेत तसं काहीतरी. मग तेही नाही.

गोजरबाई मुलाच्या अंगाखालून निघाली. तिने त्याच्या मुठीची बोटं एक एक करून उघडली, तो हात घेऊन पेटीच्या काठावर नेऊन ठेवला. नीट, सरळ. मग येऊन मुलाजवळ बसली.

पंचनामा झाला. मयत स्वतःच्या निष्काळजीपणाने पेटीत उतरले, असं त्यात आहे. हे अक्षरशः खरं आहे. उकंडरावला साहेबांनी विचारलं, दांडा का ओढला. तो म्हणाला, "मालकानं आवाज देल्ला." सगळ्यांनी होकार दिला. खोटं कोणीच बोललं नाही.

नांदुऱ्याच्या मुलीचं दुसरीकडे जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्राम आपलं सामान आणायला गेला. मी सोबत. नाकाला पट्टी, ओठाला टाके. प्रेस बंद, यार्ड सुनसान. दट्टा अजून खालीच होता, गाठ काढायला कोणी तयार नव्हतं. खोलीबाहेर गोजरबाई आणि शेषराव उभे होते, गाठोडी बांधून. लोणारला तिच्या माहेरी निघाले होते.

"बापू," ती म्हणाली, "तू माह्या लेक जिता देल्ला. अजून एक मांगू?"

"मांगा मावशी."

"त्या पाचव्या जागेत पाह्य. माह्या मालक... शेष्याचा बाप... तो भाईर आला का? आता तं यायले पायजे ना?"

शालिग्रामने माझ्याकडे पाहिलं. ती जागा नाही, हे त्याला तिला सांगता आलं असतं. तो खुर्चीवर बसला. कॉम्प्युटर चालू केला. चौकी बाजूला केली, आणि फक्त एकदा, मुद्दाम, पाचवी जागा वाचायला सांगितलं.

पडद्यावर आकडा आला.

गोजरबाईला वाचता येत नव्हतं. शेषराव दारात पाठमोरा उभा होता, पेटीकडे पाहायला नको म्हणून.

शालिग्रामने पुढे वाकून आकडा पाहिला. मग म्हणाला, "भाईर आला, मावशी."

तिने पडद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग मुलाला म्हणाली, "चाल रे." दोघं फाटकातून गेले. ती एकदाही मागे वळली नाही. शेषराव आजही लोणारला आहे. नातवंडं आहेत. रुईची गादी घरात ठेवत नाही, एवढंच.

मी पडद्याकडे पाहिलं.

शून्य म्हणजे बाहेर. एक म्हणजे आत.

तिथे दोन होतं.

"मामा," शालिग्राम हळूच म्हणाला, "ते जागा आपली नाही. तिथं कोनताबी आकडा असू शकते. सतरा असन, नव्वद असन. त्याले अर्थ नसते."

"मग दोनच काऊन आला बे? एक निवृत्ती, अन् दुसरा?"

त्याने आपलं सामान पिशवीत भरलं. कॉम्प्युटर बंद करायचं बटण मागच्या बाजूला होतं, भिंतीकडे. ते दाबायचं तर प्रेसकडे पाठ करावी लागणार होती. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"तुमी दाबता का मामा?"

मी नाही म्हणालो.

आम्ही तो तसाच चालू ठेवून निघालो.